होडीला साजेसा पंखा : आउटबोर्ड मोटरच्या मळसूत्राची जडणघडण

आउटबोर्ड मोटर म्हणजे होडीच्या पिछाडीच्या आडव्या फळीला बाहेरून अडकवता येणारे आणि काम संपल्यावर उचलून नेता येणारे यंत्र. ते विकत घेताना खरेदीदाराची नजर अश्वशक्तीच्या आकड्यावर खिळते. परंतु ती शक्ती पाण्यापर्यंत पोहोचवण्याचे काम तीन-चार पात्यांच्या ज्या पंख्याकडे असते, त्याची निवड चुकली तर मोठे इंजिनही निम्म्या बळाने चालते, रॉकेल वा पेट्रोल मात्र पुरेपूर पिते. पंखा निवडण्याचे हे शास्त्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकार घेऊ लागले आणि त्याची बहुतेक सूत्रे आधी मोडतोड, फसलेल्या चाचण्या व चिकाटीची मोजमापे यांतून हाती लागली, सिद्धांत मागाहून आला. या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते, ती अशी की कोणताही पंखा मुळात चांगला किंवा वाईट नसतो; विशिष्ट घडणीची होडी, विशिष्ट इंजिन आणि विशिष्ट ओझे यांच्या संदर्भातच तो योग्य किंवा अयोग्य ठरतो.

पाणी वर चढवण्यासाठी मळसूत्राचा उपयोग आर्किमिडीजच्या नावाने प्राचीन काळापासून ज्ञात होता, पण तेच मळसूत्र पाण्यात फिरवून नौका पुढे ढकलण्याचे प्रयत्न अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात १७७६ साली डेव्हिड बुशनेलच्या ‘टर्टल’ या एका माणसाच्या पाणबुडीत हाताने फिरवायचा पंखा होता. १८०४ साली जॉन स्टीव्हन्सने हडसन नदीत दोन पंख्यांची वाफेची नौका चालवली. आणि ऑस्ट्रियाच्या सेवेतील वनाधिकारी योझेफ रेसेल याने १८२९ साली त्रिएस्ते बंदरात ‘चिवेत्ता’ या नौकेवर मळसूत्राची चाचणी घेतली. ती नौका चालू लागली होती, परंतु वाफेच्या नळीचा सांधा फुटल्यामुळे पोलिसांनी पुढील चाचण्यांवर बंदी घातली आणि दोष नळीचा असूनही शिक्षा मळसूत्राला झाली. त्या काळी आगबोट म्हणजे दोन्ही कुशींना मोठी चाके असलेली बोट, हेच समीकरण रूढ होते. मुंबईच्या गोदीत बांधलेली आणि १८३० साली सुएझपर्यंत गेलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोटही चाकांचीच होती. या चाकांचा मोठा दोष असा की प्रवासारंभी कोळशाच्या भाराने बोट खोल बसली की ती प्रमाणाबाहेर बुडत, कोळसा संपत आला की उथळ होत, आणि लाटांवर बोट कलंडली की एक चाक हवेत व दुसरे खोल पाण्यात फिरे. ओझे बदलले की चालक साधनाचे काम बिघडते, ही अडचण चाकांबरोबर गेली नाही. ती वेगळ्या रूपाने पंख्याकडे आली.

मळसूत्राला खरी मान्यता मिळवून देणारे दोन प्रयत्न इंग्लंडमध्ये एकाच वर्षी झाले. हेंडन येथील शेतकरी फ्रान्सिस पेटिट स्मिथ याने १८३६ च्या मे महिन्यात आपल्या मळसूत्राचे पेटंट घेतले आणि स्वीडिश अभियंता जॉन एरिक्सन याने त्याच वर्षी जुलैत निराळ्या घडणीच्या पंख्याचे. एरिक्सनने १८३७ साली आपल्या छोट्या नौकेने नौदलाच्या अधिकाऱ्यांचा पडाव टेम्स नदीतून ओढून नेला, तरी पिछाडीला जोर लावला तर नौका सुकाणूला दाद देणार नाही, हा त्यांचा ग्रह दूर झाला नाही. तो पुढे अमेरिकेला गेला आणि तेथे त्याच्या आराखड्यानुसार ‘प्रिन्स्टन’ ही पंख्याची युद्धनौका बांधली गेली. स्मिथच्या वाट्याला आलेला प्रसंग मात्र पंख्याच्या निवडीच्या इतिहासात विशेष महत्त्वाचा आहे. त्याच्या पहिल्या नौकेचे लाकडी मळसूत्र दोन पूर्ण वेढ्यांचे होते. १८३७ साली पॅडिंग्टन कालव्यात ते कशावर तरी आदळून निम्मे तुटले, आणि उरलेल्या एका वेढ्यावर नौका हळू होण्याऐवजी अधिक वेगाने धावू लागली. लांब मळसूत्र म्हणजे अधिक पकड, ही तोवरची समजूत या अपघाताने मोडली. मळसूत्राचा जो भाग पाण्याला मागे ढकलण्यात भर घालत नाही, तो पाण्याशी घर्षण करून इंजिनाची शक्ती खातो, हे त्यातून उघड झाले आणि पुढे मळसूत्र आखूड होत होत सुट्या, रुंद पात्यांच्या पंख्याचे रूप त्याला आले.

येथे दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा विचार त्यांच्यावर उभा आहे. लाकडात पिळला जाणारा स्क्रू एका फेऱ्यात जेवढा आत शिरतो, तेवढेच अंतर पंखा एका फेऱ्यात पुढे कापेल असे मानले, तर त्या अंतराला पंख्याचा ‘पिच’ म्हणतात. पात्यांचा तिरपेपणा जितका जास्त, तितका पिच मोठा. पण पाणी लाकडासारखे घट्ट नसते, ते मागे सरते, म्हणून प्रत्यक्षात नौका पिचपेक्षा कमी अंतर जाते आणि या तुटीला ‘स्लिप’ म्हणतात. स्लिप म्हणजे निव्वळ नासाडी असा समज आरंभीच्या अभियंत्यांत होता आणि आजही अनेकांच्या मनात तो असतो. वस्तुतः पाणी मागे फेकल्याशिवाय नौका पुढे जाऊच शकत नाही. त्यामुळे काही स्लिप अटळ आहे, आणि प्रश्न फक्त एवढाच उरतो की थोडे पाणी जोरात फेकायचे की पुष्कळ पाणी सावकाश. विल्यम रँकिनने १८६५ साली आणि पुढे विल्यम फ्रूड व त्याचा मुलगा रॉबर्ट फ्रूड यांनी जे गणित मांडले, त्याचा निष्कर्ष दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने होता: सावकाश फिरणारा मोठ्या व्यासाचा पंखा तेवढाच रेटा कमी शक्तीत देतो. पंखा मोठा करण्यावर मर्यादा येते ती पाण्याच्या खोलीची, नौकेच्या घडणीची आणि इंजिनाच्या फेऱ्यांची.

हे गणित येण्यापूर्वीच प्रत्यक्ष तुलनेची पद्धत रुजली होती. स्मिथच्या मंडळीने बांधलेली ‘आर्किमिडीज’ ही बोट इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल याने १८४० साली चाचण्यांसाठी वापरली, तिच्यावर निरनिराळे पंखे बसवून वेग मोजले, आणि आपल्या ‘ग्रेट ब्रिटन’ या लोखंडी जहाजाची आधी ठरलेली चाके रद्द करून त्यावर सुमारे ४.७ मीटर व्यासाचा सहा पात्यांचा पंखा योजला. ब्रिटिश नौदलाने ‘रॅटलर’ या नौकेवर १८४३ ते १८४५ या काळात असेच प्रयोग केले. व्यास, पिच, लांबी आणि पात्यांची संख्या बदलत अनेक पंखे तिला लावण्यात आले आणि त्यांतून स्मिथच्या पद्धतीचा दोन पात्यांचा आखूड पंखा सरस ठरला. लोकांच्या आठवणीत राहिली ती मात्र ३ एप्रिल १८४५ ची रस्सीखेच, जिच्यात पिछाडीला पिछाडी बांधलेल्या ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ या चाकांच्या आगबोटीला उलट दिशेला ओढत नेले. तो देखावा प्रभावी होता हे खरे, परंतु त्यापूर्वीच नौदलाने पंख्याच्या नौकांची मागणी नोंदवलेली होती, शिवाय ‘रॅटलर’चे इंजिनही काहीसे अधिक बळाचे होते; त्यामुळे त्या रस्सीखेचीने शास्त्रीय असे फारसे काही सिद्ध केले नाही. खरे मोल आहे ते त्याआधीच्या शांतपणे चाललेल्या मोजमापांचे. एकच नौका, एकच इंजिन आणि दर वेळी बदललेला फक्त पंखा, ही जी शिस्त तेथे पाळली गेली, तीच आजही होडीसाठी पंखा निवडण्याची एकमेव खात्रीची रीत आहे.

शतकाच्या अखेरीस वेग वाढला तेव्हा एक नवे संकट उभे राहिले. चार्ल्स पार्सन्सची ‘टर्बिनिया’ ही नौका १८९४ साली पाण्यात उतरली. तिच्या वाफेच्या टर्बाइनमध्ये शक्तीची उणीव नव्हती, तरी एकाच दांड्यावरचा पंखा अतिवेगाने फिरत असूनही नौका अपेक्षित वेग गाठेना. पात्याच्या पाठीमागील बाजूस दाब इतका उतरत होता की पाण्याची तेथल्या तेथे वाफ होऊन पोकळ्या तयार होत आणि पाते पाण्याऐवजी त्या पोकळ्यांत फिरे. या घटनेला कॅव्हिटेशन म्हणतात. पोकळ्या पुन्हा मिटताना धातूवर जे घाव बसतात, त्यांनी पात्याला खड्डेही पडतात. पार्सन्सने पात्यांमागचा हा खेळ डोळ्यांनी पाहता यावा म्हणून १८९५ साली तांब्याची एक छोटी बंद पाणवाहिनी तयार केली आणि अखेर एका दांड्याऐवजी तीन दांडे व प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे बसवून रेटा अधिक क्षेत्रफळावर विभागला. १८९७ च्या जूनमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवानिमित्त स्पिटहेड येथे भरलेल्या आरमारी संचलनात ‘टर्बिनिया’ ३४ नॉटच्या वेगाने जहाजांच्या रांगांमधून धावली. व्यास आणि पिच यांच्या जोडीला पात्यांचे एकूण क्षेत्रफळ हे तिसरे माप निवडीत आले ते या घटनेपासून.

आउटबोर्ड मोटरचा जन्म या सगळ्या मोठ्या जहाजांच्या सावलीत, जवळपास दुर्लक्षित अवस्थेत झाला. गुस्ताव्ह त्रूव्हे याने १८८१ साली पॅरिसच्या सेन नदीत सुकाणूला जोडलेला, विजेवर चालणारा, काढता येण्याजोगा पंखा चालवून दाखवला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमनने पेट्रोलवर चालणाऱ्या अशा मोटरी विकायला आणल्या, आणि १९०९ साली मिलवॉकी येथे मूळच्या नॉर्वेच्या ओले एविनरूडने १.५ अश्वशक्तीची, ६२ पौंड म्हणजे सुमारे २८ किलो वजनाची मोटर तयार केली. तिची रचना पुढच्या जवळजवळ सर्व मोटरींचा पाया ठरली. इंजिनाचा दांडा उभा, त्यावर आडवे गतिचक्र, आणि पाण्याखालच्या पेटीत कोनी दातेरी चाकांची जोडी, जी उभ्या दांड्याचे फिरणे आडव्या दांड्यावरील पंख्याला देते. एविनरूडच्या सुरुवातीच्या मोठ्या गिऱ्हाइकांत स्कँडिनेव्हियातील मच्छीमार होते, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. हौसेच्या नौकाविहाराशी आज जोडले जाणारे हे यंत्र आरंभापासून कष्टकऱ्यांच्या होडीवरही होते.

या रचनेने पंख्याच्या निवडीला नव्या मर्यादा घातल्या. मोठ्या जहाजात पंखा जहाजाबरोबरच आखला जाई, त्याच्यासाठीच ओतला जाई. आउटबोर्डमध्ये कारखान्याला हे ठाऊकच नसते की मोटर कोणत्या होडीला लागणार आहे. एका मापाचे यंत्र सपाट तळाच्या पडावाला, लाकडी मासेमारी होडीला किंवा हलक्या धावत्या बोटीला लागू शकते. शिवाय पाण्याखालच्या पेटीवर जी आडवी पट्टी असते आणि जी वरून हवा पंख्यात ओढली जाऊ नये म्हणून बसवलेली असते, तिच्याखाली मावेल एवढाच व्यास शक्य असतो. पंख्यात अशी हवा शिरली तर इंजिन एकाएकी जोरात फिरू लागते आणि होडी मंदावते. हा अनुभव पुष्कळदा कॅव्हिटेशन समजला जातो, पण त्याचे कारण निराळे असते आणि उपाय पंखा बदलण्यापेक्षा मोटर योग्य उंचीवर बसवण्यात असतो. मोटरीच्या दांड्याची लांबी सामान्यतः १५ किंवा २० इंच उंचीच्या फळीसाठी असते. आखूड दांड्याची मोटर उंच फळीवर लावली तर ती आडवी पट्टी तळाच्या पातळीच्या वर राहते आणि मग कोणताही पंखा नीट पकड घेत नाही.

पहिली काही वर्षे मोटरीबरोबर येणारा पंखा हाच पंखा होता, त्याला पर्याय असावा असे कोणाला वाटले नाही, कारण वल्ह्यांच्या वेगापेक्षा थोडा अधिक वेग मिळाला तरी समाधान होते. १९२० च्या दशकात अॅल्युमिनियमच्या वापराने मोटरी हलक्या झाल्या, शक्ती वाढली, आणि पाणी कापत जाण्याऐवजी नाळ उचलून पाण्याच्या पृष्ठावर घसरत धावणाऱ्या सपाट तळाच्या होड्या आल्या. या धावण्याला ‘प्लेनिंग’ म्हणतात. अमेरिकेत इंजिनाच्या आकारमानानुसार वर्ग पाडून शर्यती होऊ लागल्या आणि शर्यतीतील मोटरवाल्यांनी एकाच इंजिनाला पंखे बदलून लावण्याचा ‘रॅटलर’वरचा प्रयोग नकळत पुन्हा सुरू केला. ग्रँड रॅपिड्स येथील मिशिगन व्हील यांसारख्या पंखे घडवणाऱ्या स्वतंत्र कारखान्यांना आउटबोर्डची नवी बाजारपेठ मिळाली आणि एकाच मोटरीसाठी व्यास व पिच यांच्या अनेक जोड्या विक्रीला येऊ लागल्या. पंख्यावर आजही दोन आकडे कोरलेले असतात, पहिला व्यासाचा व दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत.

या आकड्यांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. इंजिन मिनिटाला ५५०० फेरे घेत असेल आणि दातेरी चाकांचे प्रमाण दोनास एक असेल, तर पंखा मिनिटाला २७५० वेळा फिरतो. पिच १७ इंच, म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटर असेल, तर स्लिप नसल्यास होडी ताशी सुमारे ७१ किलोमीटर धावेल. १५ टक्के स्लिप धरली तर तोच वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास येतो. यावरून पिच वाढवला की वेग वाढतो असा सोपा निष्कर्ष निघतो, आणि तो घातक आहे. पंखा हे इंजिनावरचे ओझे असते. पिच एक इंचाने वाढवला तर पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचे फेरे साधारणपणे १५० ते २०० ने घटतात. इंजिनाची पूर्ण शक्ती तर ठरावीक फेऱ्यांवरच मिळते. प्रमाणाबाहेर पिचचा पंखा लावलेले इंजिन त्या फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही, ते रखडत, तापत चालते, आत काजळी साठते आणि दट्ट्यांवर ताण येतो. उलट पिच फार कमी असेल तर इंजिन मर्यादेपलीकडे फिरते आणि झिजते.

म्हणून कारखाने प्रत्येक मोटरीसाठी पूर्ण थ्रॉटलवरच्या फेऱ्यांची एक कक्षा ठरवून देतात, समजा ५००० ते ६०००, आणि नेहमीचे पुरते ओझे घातलेली होडी त्या कक्षेच्या वरच्या अर्ध्या भागात फेरे दाखवील असा पंखा योग्य मानला जातो. पुरत्या ओझ्याने भरलेली होडी ४७०० फेऱ्यांवर अडत असेल, तर दोन इंच कमी पिचचा पंखा तिला कक्षेच्या खालच्या टोकाशी आणतो आणि चार इंच कमी पिचचा पंखा मध्याच्या जवळ नेतो. या परीक्षेतला कळीचा शब्द ओझे हा आहे. विक्रेत्याच्या धक्क्यावर एकटा माणूस बसलेल्या रिकाम्या होडीत जो पंखा उत्तम ठरतो, तोच माणसे, जाळी, बर्फ आणि मासळी भरल्यावर इंजिनाला जड होतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात पंख्याच्या तपशिलांत बरीच भर पडली. पूर्वी पंखा दांड्यावर एका मऊ धातूच्या खुंटीने अडकवलेला असे. पाते खडकावर आपटले की ती शिअर पिन तुटे आणि दातेरी चाके वाचत, पण भर पाण्यात नवी पिन बसवण्याची पाळी येई. पुढे मधल्या तुंब्यात दाबून बसवलेल्या रबराने ती जागा घेतली, जे आघात झाला की घसरते. १९६० च्या दशकापासून मोठ्या मोटरींत इंजिनाचा धूर तुंब्यातूनच मागे सोडण्याची रीत पसरली. त्यामुळे आवाज घटला, मात्र तुंबा जाड झाला. पात्याच्या मागच्या कडेला किंचित वळण देऊन पकड वाढवणे आणि पाते मागे कलवून नाळ उचलायला मदत करणे, या शर्यतींतल्या युक्त्या नेहमीच्या पंख्यांतही आल्या. चौथे पाते घातल्याने कंप कमी होतो व जड होडी लवकर उचलते, पण घर्षण वाढून कमाल वेग थोडा कमी होतो.

भारतात या शास्त्राची कसोटी लागली ती केरळच्या किनाऱ्यावर. भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्या करारातून १९५३ साली कोल्लमजवळ नीण्डकरा परिसरात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. पारंपरिक होड्यांना मोटर जोडण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांना यश येईना, तेव्हा तो प्रकल्प नव्या यांत्रिक नौकांकडे वळला. १९८० च्या दशकात, ट्रॉलरांशी चाललेल्या विषम स्पर्धेत, पारंपरिक मच्छीमारांनी स्वतःच आउटबोर्ड मोटरी झपाट्याने स्वीकारल्या. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायच्या या आयात केलेल्या मोटरी पुढे दोन-तीनच्या संख्येने एकेका मोठ्या होडीला लागू लागल्या आणि रॉकेलचा खर्च हा मासेमारीच्या हिशेबातला मोठा आकडा झाला. यांतल्या अनेक मोटरींचे पंखे हलक्या, वेगवान बोटी डोळ्यांपुढे ठेवून घडवलेले होते, होड्या मात्र लांब, अरुंद, जड आणि पाणी कापत जाणाऱ्या. रॉकेल ओढाताणीला पेट्रोलपेक्षा लवकर ठोके देते, म्हणून जास्त पिचच्या पंख्याने होणारे नुकसान येथे अधिक होते. मद्रासमधून काम करणाऱ्या, खाद्य व कृषी संघटनेच्या बंगाल उपसागर कार्यक्रमाने याच काळात लहान मासेमारी नौकांच्या इंधनखर्चाचा अभ्यास हाती घेतला, आणि त्यातून निघालेला सल्ला रँकिन व फ्रूड यांच्या गणिताशी जुळणारा होता: दातेरी चाकांचे प्रमाण मोठे ठेवावे, पंखा मोठा व सावकाश फिरणारा असावा, आणि इंजिन थोडे मागे घेऊन चालवावे. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे फेरे एक दशांशाने कमी केले तर शक्तीची मागणी सुमारे २७ टक्क्यांनी उतरते, आणि सावकाश चालणाऱ्या जड होडीत वेग त्यामानाने फार थोडा कमी होतो. ओझ्याच्या होड्यांसाठी प्रमाण जवळजवळ तीनास एक ठेवून मोठा पंखा बसवलेल्या मोटरी आज मिळतात, त्यांच्यामागे हाच विचार आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मोठ्या मासेमारी नौकांत डिझेल इंजिन पोटात बसवण्याची रीत रुजली, त्यामुळे आउटबोर्ड राहिली ती खाड्यांतल्या व किनाऱ्यालगतच्या लहान होड्यांवर, आणि अलीकडे मालवण, तारकर्ली व गोव्यातील पर्यटकांच्या बोटींवर. या दोन्ही ठिकाणी एकच पंखा पुरत नाही. पर्यटकांची हलकी बोट चटकन नाळ उचलून धावली पाहिजे. जाळे ओढणाऱ्या होडीला वेगापेक्षा रेटा हवा असतो आणि तिला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा पंखाच मानवतो. खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे दर पावसाळ्यात जागा बदलतात, ओहोटीला पाणी अचानक उथळ होते, आणि तेथे धातूचा प्रश्नही पिचइतकाच महत्त्वाचा ठरतो. स्टेनलेस स्टीलची पाती पातळ आणि ताठ असतात, वेगात वाकत नाहीत, म्हणून खुल्या समुद्रात ती सरस ठरतात; परंतु खडकावर आदळल्यास आघाताचा मोठा हिस्सा आतल्या दांड्याकडे व दातेरी चाकांकडे जातो. अॅल्युमिनियमचे पाते अशा वेळी स्वतः वाकते किंवा मोडते, स्वस्तात सरळ करून घेता येते वा बदलता येते, आणि पाण्याखालची महाग पेटी बहुतेक वेळा वाचते. उथळ खाडीत रोज ये-जा करणाऱ्या होडीसाठी वेगाचा थोडा तोटा पत्करूनही अॅल्युमिनियमचाच पंखा, आणि त्याच मापाचा दुसरा एक पंखा होडीत ठेवणे, हा निर्णय म्हणूनच अधिक शहाणपणाचा ठरतो.